तपकिरीची डबी आणि उसवलेली बाही

ज्या वर्षी भागीरथीबाईंच्या धाकट्या भावाचे म्हैसूरजवळच्या टी. नरसीपूरला लग्न झाले, त्या वर्षी, म्हणजे १९६३ साली, माझा दुसरा जन्म झाला. आधी मी तपकिरीची साधी डबी होते. त्या लग्नात ऐन मुहूर्ताला नवरदेवाच्या कोटाचे बटण तुटले. मांडवातली निम्मी माणसे शिंपी, पण एकाजवळही सुई नव्हती! नवरदेव कोट मुठीत धरून बोहल्यावर उभा राहिला. भागीरथीबाईंचे यजमान गुंडेराव म्हैसुरातले नावाजलेले शिंपी. त्यांना ही गोष्ट फार लागली.

मित्रांनो, घरी येताच त्यांनी मला घासूनपुसून उन्हात ठेवले. माझ्या झाकणाला आतून फ्लॅनेलचा तुकडा चिकटवला आणि त्यात तीन सुया खोचल्या. पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यावर पांढरा, काळा, लाल आणि हिरवा दोरा गुंडाळला. चार बटणे, दोन हूक आणि बोटाएवढी कात्री ठेवली. एक सुई तर ओवूनच ठेवली. "घाईत हात कापतात," ते म्हणाले, "तेव्हा ओवत कोण बसणार?" तपकिरीचा वास मात्र गेला नाही. मला उघडणारा अजून शिंकतो.

दोन वर्षांनी त्यांची मुलगी नागरत्ना मुलींच्या शाळेत शिवणशिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला निघाली. जागा एक, बायका अकरा. जागा मिळाली नाही तर तिला आयुष्यभर दुकानात बसून बटणांची काजे करावी लागणार होती. ते तिला मुळीच नको होते.

दिवस दसऱ्याचे. दुकानात गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग. गुंडेरावांनी मुलीच्या झंपराच्या बाह्या माप बघण्यापुरत्या कच्च्या टाक्यांनी जोडल्या, आणि पक्की शिवण घालायला विसरले. इस्त्री झाली, घडी झाली आणि झंपर तिच्या अंगावर चढला. शाळेच्या व्हरांड्यात केसांतला गजरा नीट करायला तिने हात वर केला आणि बाही खांद्यापासून सुटली!

"अय्यो! शिवण शिकवायला निघाली नि बाही लोंबतीये!" शेजारी बसलेली बाई हसली.

"तुझ्या अप्पांना गिऱ्हाईक दिसलं की पोरगी दिसत नाही," असे पुटपुटत सोबत आलेल्या भागीरथीबाईंनी मला पिशवीतून काढले. त्या दोनदा शिंकल्या. त्यांच्या घरात एक रीत होती. अंगावरचा कपडा शिवायचा तर ज्याच्या अंगावर आहे त्याने दातांत दोरा धरायचा आणि गाठ मारेपर्यंत बोलायचे नाही. "धर," त्या म्हणाल्या. "तोंड उघडायचं नाही. कळलं? तिळीता?"

चार टाके पडले, तेवढ्यात शिपाई बाहेर आला.

"नागरत्ना गुंडेराव!"

"उं, उं!" नागरत्नाने मान हलवली.

"नागरत्ना गुंडेराव! आता तिसरी हाक, मग नाव खोडणार!"

"इरि स्वामी, थांबा हो!" भागीरथीबाई ओरडल्या. "इथंच बसलीये! दोन टाके राहिलेत!"

सारा व्हरांडा हसू लागला. गलबला ऐकून शाळेच्या मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांनी वाकून आधी टाके पाहिले, मग मला पाहिले आणि शिंकल्या. "ही डबी कोणी केली?"

नागरत्नाच्या दातांत अजून दोरा. गाठ बसली, दोरा कापला, तेव्हा कुठे ती बोलली, "अप्पांनी. ही बाहीसुद्धा त्यांनीच लावलीये!"

मोठ्या बाईंना हसू आवरेना. आत गेल्यावर त्यांनी विचारले, "मुलींना पहिल्या दिवशी काय शिकवशील?" नागरत्नाने मला टेबलावर ठेवले. "अशी डबी करायला."

जागा तिलाच मिळाली.

पुढची अडतीस वर्षे दर जूनमध्ये मी नव्या वर्गापुढे नमुना म्हणून बसले. मुली बामच्या, दंतमंजनाच्या डब्या घेऊन यायच्या. माझे किती कौतुक व्हायचे! नंतर म्हैसुराच्या बोगादी भागात, नागरत्नाच्या घरी, कपाटात माझ्या सुयांना गंज चढला. त्याचे दुःख नाही, पण तुम्ही तसे होऊ देऊ नका. सुया पावसाळ्यात कोरड्या ठेवा. काम झाले की सुई पुन्हा ओवून ठेवा, पुढच्याला घाई असेल.

गुंडेराव १९७९ साली वारले. शिवणशिक्षिका नागरत्नाबाई १२ मार्च २०११ रोजी राहत्या घरी वारल्या.