लेपाखालचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे आणि कोणाच्या बोलण्यावर चटकन विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नाही. त्यात दोष माझा नाही, धंद्याचा आहे.

एका कारखान्यात जन्मून मी रेडिओच्या कर्ण्यात जाऊन बसलो. रेडिओ मोडला तेव्हा गाड्या रंगवणाऱ्या एका गॅरेजच्या मालकांनी मला उचकटून खिशात टाकले. त्यांना सगळे थोरले म्हणतात, कारण त्यांचा भाऊही तिथेच काम करतो. ते धाकटे.

माझे काम सोपे होते. गाडीचा पत्रा खरा असेल तर मी घट्ट बसायचो. गंजून पडलेले भोक पुट्टीने बुजवून वर रंग फासला असेल तर मी घसरायचो. "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं," असे म्हणत थोरले मला दारावर ठेवायचे. नव्या नवरीसारख्या सजून आलेल्या किती गाड्यांचे पितळ मी उघडे पाडले! "माणूस खोटं बोलेल, हा नाही बोलणार," असे थोरले गिऱ्हाइकांना सांगत. कौतुकाने मी शेफारलो. जे जे चकाकेल त्याचा मला संशय येऊ लागला. धाकटे शीळ घालत काम करत, तेव्हाही मला वाटे की ज्याला काही लपवायचे असते तोच एवढा निवांत असतो.

काम नसले की थोरले मला रंग वाळवायच्या मोठ्या दिव्याच्या टोपणाला चिकटवून ठेवत. तिथे मी तासन्‌तास तापत असे आणि अधूनमधून धपकन फरशीवर पडत असे. तिकडे कोणी लक्ष दिले नाही, मीसुद्धा नाही.

एका सकाळी नर्सबाई त्यांची गाडी घेऊन आल्या. लांबच्या वस्त्यांवर आजाऱ्यांना पाहायला त्या रोज खडीच्या रस्त्याने जातात. चाकांनी उडवलेले खडे दारांखालच्या पट्टीवर आपटतात, म्हणून तिथे रबरासारखा जाड, दाणेदार लेप देतात. गॅरेजात त्याला कोटिंग म्हणतात. मागच्या चाकाजवळ ते उडाले होते आणि तेवढ्या जागी गंज धरला होता. दोन वर्षांपूर्वी थोरले अंथरुणाला खिळले असताना या पट्टीचे काम धाकट्यांनी एकट्याने केले होते. मला तेव्हाच शंका आली होती.

थोरल्यांनी मला उरलेल्या कोटिंगवर ठेवले. मी घसरलो. पुन्हा ठेवले, पुन्हा घसरलो.

"इथला पत्रा बदलला म्हणाला होतास ना?" थोरल्यांनी विचारले.

"बदललाय, दादा."

"मग हा का पडतो? पुट्टी भरून वर कोटिंग मारलंस तू. टायर बदलायला बाईंनी इथे जॅक लावला असता, तर गाडी अंगावर आली असती त्यांच्या."

धाकट्यांचा चेहरा उतरला. "खरवडून बघ," ते म्हणाले. "आत पुट्टी निघाली तर उद्यापासून मी येत नाही."

"निघाली तर मीच येऊ देणार नाही."

नर्सबाई एकदा या भावाकडे, एकदा त्या भावाकडे बघत राहिल्या. आवाज ऐकून थोरल्यांच्या बायको, म्हणजे वहिनी, दारात येऊन उभ्या राहिल्या. थोरल्यांनी गरम हवेने लेप मऊ करून पात्याने सोलायला घेतला. खाली करडा थर दिसला आणि मी मनात म्हटले, सापडला चोर. पण तो साधा प्रायमर होता. त्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख, नवा पत्रा निघाला.

थोरल्यांनी मला त्या उघड्या लोखंडावर ठेवले. मी होता नव्हता तेवढा जोर लावला आणि घसरत घसरत खाली पडलो.

वहिनींनी मला उचलले. "अहो, याला रोज त्या दिव्यावर भाजता, वरून आपटता. याच्यात राहणार काय? नाचता येईना अंगण वाकडं, आणि शिक्षा भाऊजींना."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ताकद माझी गेली होती आणि मी खोटे ठरवत होतो पत्र्याला.

थोरल्यांनी स्वतः खाली बसून चाकाजवळचा गंज घासून काढला, सगळ्या पट्टीला प्रायमर दिला आणि तो वाळल्यावर कोटिंगची बंदूक भावापुढे धरली. "दाणा तुझ्याइतका सारखा मला येत नाही. तूच मार."

धाकट्यांनी ती लगेच घेतली नाही. "दादा, मी बदललाय म्हणालो होतो. तू माझं ऐकायचं होतंस, याचं नाही."

"चुकलं माझं," थोरले म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

मग धाकट्यांनी दोन हात दिले. पहिला सुकल्यावर दुसरा. दाणा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा बसला. काम नेहमीसारखेच सुबक झाले, पण त्या दिवशी त्यांनी शीळ घातली नाही. त्यानंतरही कितीतरी दिवस घातली नाही.

थोरल्यांनी मला भंगारात टाकले होते. धाकट्यांनीच मला तिथून उचलून हत्यारांच्या कपाटाला लावले. आता मी कामाची एक चिठ्ठी धरून असतो. दोन मला पेलत नाहीत.

तेव्हा मित्रांनो, चुंबकाला आचेपासून आणि आपटण्यापासून जपा. तपासायचे ते जरूर तपासा, पण ज्याने तपासता तो आधी तपासा. आणि आपल्या माणसाला आधी विचारा, त्याचे ऐका.

काल पंखा जोरात होता. माझी चिठ्ठी उडू पाहत होती आणि मी ती जिवाच्या आकांताने धरून होतो. इतक्यात गाडीखालून धाकट्यांची शीळ ऐकू आली. या खेपेला मी नुसती ऐकली.