जहाज बुडालेच नव्हते

मित्रांनो, मी कधी आकाशात गेले नाही आणि समुद्राचा खारा वाराही मला लागला नाही. तरीही डुलत्या जहाजावर विमान उतरवायचे असेल, तर ते काम माझ्याइतके चोख फार थोड्यांना जमत असेल. मी जॉयस्टिक आहे. संगणकावर विमान चालवताना हातात धरतात ती काळी दांडी. वयाने जुनी, अंगावर ओरखडे, पण कामाला अजून ठणठणीत. सोलापुरातल्या एका दोन खोल्यांच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर माझे ठाणे आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पोटात तारा बसल्या, अंगठ्याखाली बटणे आली, बोटाखाली चाप आला आणि मी खोक्यात बंद झाले. तो खोका उघडला तो सोलापुरातल्या एका बंगल्यात. तिथला मुलगा अनीश मला मोटारींच्या शर्यतीच्या खेळासाठी वापरायचा. मी विमानाची दांडी. मला मोटार कशी हाकता यावी? हरला की तो मला टेबलावर आपटायचा. त्या आदळआपटीत माझ्या बुडाची स्प्रिंग ढिली पडली आणि मी कायमची डावीकडे कलले. मग मी आले सात रस्त्याजवळ, बिरप्पांच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात. बंद पडलेल्या कीबोर्डांच्या ढिगात मी पडून असे. गिऱ्हाईक मला हलवून बघायचे आणि ‘हे वाकडंच हाय की’ म्हणून परत टाकायचे.

चैतालीने मला परत टाकले नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती कारकून होती. कामावरून येताना दुकानात शिरली, मला उचलले आणि म्हणाली, “काका, उघडून बघू का हिला?”

“उघड की,” बिरप्पा हसले. “बिघडायचं काय राहिलंय तिचं?”

तिने तिथेच स्क्रू काढले, आत डोकावली आणि मला घेऊन गेली. माझ्या मापाची स्प्रिंग तिला कुठे मिळाली असेल? यंत्रमागाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात! मागावर ताण धरणारी ती स्प्रिंग माझ्या पोटात बसली आणि मी ताठ उभी राहिले. तेव्हापासून मी स्वतःला निम्मी सोलापुरी समजते.

चैतालीला खेळात जिंकायचे नव्हते. तिला समुद्रावरच्या हवाई लढाईचे चित्रपट करायचे होते, आणि तेही असे की पाहणाऱ्याने खुर्ची घट्ट धरावी. तिच्या संगणकात लढाऊ विमानांचा सिम्युलेटर, म्हणजे अगदी खऱ्यासारखे उड्डाण करवणारा प्रोग्रॅम होता. विमानाचे वजन, वारा, इंधन, समुद्राची लाट, सगळ्याचे गणित तो सांभाळतो. झालेले उड्डाण तो नोंदवून ठेवतो, आणि मग तेच उड्डाण हव्या त्या बाजूने पुन्हा पाहता येते. एकच लढाई चैताली कधी या विमानातून, कधी त्या विमानातून पुन्हा पुन्हा लढायची आणि त्यातले उत्तम तुकडे निवडायची. तिचा धाकटा भाऊ यशपाल लग्नाच्या शूटिंगचे एडिटिंग करायचा. तो ते तुकडे जोडायचा, आवाज भरायचा.

दोघांची भांडणेही व्हायची. यशपालला एकदा वाटले, कॅमेरा थेट क्षेपणास्त्राच्या नाकावर लावावा.

“तिथं माणूस बसंल का?” चैतालीने विचारले.

“नाही. पण दिसतंय किती भारी!”

“माणूस बसत नाही, तर कॅमेरा पण बसणार नाही.”

हा तिचा नियम होता. कॅमेरा जहाजाच्या कठड्याशी, नाहीतर वैमानिकाच्या खांद्यामागे. स्फोट दूर झाला असेल तर आधी उजेड दिसायचा, मग धूर, आणि आवाज मागाहून सावकाश यायचा. जहाजावरचा कॅमेरा हलताना दाखवायचा असेल तर ती मला हलकेच थरथरवायची. घाबरलेल्या माणसाचा हात जसा थरथरतो तसा. अशा कामाला चांगली मूठ लागते, मित्रांनो. ती माझी होती.

एका काल्पनिक लढाईवरचा ‘उलटा वारा’ हा त्यांचा चित्रपट इंटरनेटवर आला आणि लोकांनी तो उचलून धरला. त्यात एका जहाजावर मारा होतो, जहाज पेटते आणि काळ्या धुरात दिसेनासे होते. तो प्रसंग पाहून लोक लिहीत, ‘खरंच वाटत नाही की हे संगणकावर केलंय.’ चैताली असले अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवायची. सुरुवातीला आणि शेवटी तिने ठळक लिहिले होते की हे सर्व सिम्युलेटरवर बनवलेले आहे. तेवढे पुरे आहे असे आम्हा सर्वांनाच वाटत होते.

पुढे एका उन्हाळ्यात सीमेवर ताण वाढल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सुट्टीचा दिवस होता. चैताली माझी बटणे पुसत बसली होती. तेवढ्यात गल्लीतल्या तानाबाई अनवाणीच धावत आत आल्या. त्या मूळच्या वैरागकडच्या. शेंगाचटणी कुटून विकायच्या. त्यांचा मुलगा जोतीराम नौदलात होता.

“चैता, हे बघ गं,” त्यांनी फोन पुढे केला. “जोतीचं जहाज बुडालं म्हणत्यात. सकाळधरनं त्याचा फोन लागंना. काय गं हे?”

चैतालीने फोन पाहिला आणि तिने लगेच ओळखले. तो जळणारा कठडा, तो थरथरता कॅमेरा, उशिरा येणारा तो आवाज! कुणीतरी त्यांच्या चित्रपटातला नेमका तेवढाच तुकडा कापला होता आणि वर लिहिले होते, ‘आपले जहाज बुडाले. सर्वांना पाठवा.’

“मावशी, हे खोटं आहे,” ती म्हणाली. “हे मी केलंय.”

“तू? तू जहाज बुडवलंस?”

“जहाजच नाहीये, मावशी. संगणकावरचं चित्र आहे.”

“माझी समजूत काढू नगंस!” तानाबाई कडाडल्या. “मी काय बारकं लेकरू हाय व्हय? माणूस पळताना दिसतंय की धुरात!”

समजावून उपयोग नव्हता. चैतालीने त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर बसवले, संगणकावर तीच लढाई पहिल्यापासून लावली आणि त्यांचा हात माझ्यावर ठेवला. मुसळ धरून घट्टे पडलेला तो हात. तो इतका थरथरत होता की पडद्यावरचे विमान वाऱ्यातल्या पतंगासारखे हेलकावे खाऊ लागले. मी एवढेच ठरवले की आज आपण डगमगायचे नाही. माझी मागाची स्प्रिंग त्या हाताला सावरून धरत होती.

“दांडी डावीकडं करा, मावशी.”

विमान डावीकडे वळले. तानाबाई दचकल्या. त्यांनी मला उजवीकडे नेले. विमान उजवीकडे वळले. खाली निळा समुद्र होता आणि त्यावर तेच राखाडी जहाज संथपणे चालले होते.

“ह्येच ते?”

“हेच.”

“मग जळंना का ते?”

“तुम्ही बॉम्ब टाकला नाही ना, म्हणून. तो चाप ओढला तरच जळतं. तेव्हा तो मी ओढला होता.”

तानाबाईंनी चापावरचे बोट झटकन काढून घेतले. त्यांनी विमान पुन्हा जहाजावरून नेले. मग आणखी एकदा. जहाज होते तसेच होते. हळूहळू त्यांचा श्वास खाली बसला. पदराने डोळे टिपून त्या चैतालीकडे वळल्या.

“एवढं खऱ्यावाणी करतीस कशाला गं?”

चैतालीने उठून संगणक बंद केला.

यशपाल घरी आला तेव्हा तो तुकडा साऱ्या शहराच्या फोनवर फिरत होता. “तायडे, आपला चित्रपट काढून टाकू,” तो घाबरून म्हणाला. “आपलं नाव येईल.”

“आपला काढला की खोटं एकटंच उरंल,” चैताली म्हणाली. “मग ताडून बघायला लोकांकडं काय राहील? कॅमेरा लाव. माझ्या तोंडावर लाव.”

आजवर जिने पडद्यामागे राहून काम केले, ती पहिल्यांदा पडद्यावर आली. एका बाजूला तो फिरणारा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला मूळ चित्रपट, त्यातली ‘सिम्युलेटरवर बनवलेले’ ही पाटी आणि मला धरलेला तिचा हात. तिने आपले खरे नाव सांगितले. शेजारी तानाबाई बसल्या होत्या. त्या कॅमेऱ्यात रोखून बघत म्हणाल्या, “मी सवता विमान फिरवलंय. जहाज बुडालेलं न्हाय. ज्यानं कुणी हे पाठवलंय, त्यानं आदी माझ्याकडं यावं.”

ते चित्रण आधी गल्लीत पोहोचले, मग शहरात, मग बाहेरगावी. काहींनी चैतालीलाच शिव्या घातल्या. पण कुठल्या कुठल्या गावांतून सैनिकांच्या आयांचे फोन आले. त्यांना फक्त तिच्या तोंडून ऐकायचे होते. ती प्रत्येकीशी बोलली. काही दिवसांनी जोतीरामचा फोन आला. तो सुखरूप होता; खोल समुद्रावर फोन लागत नव्हता, एवढेच. “आई,” तो म्हणाला, “एवढा धूर आमच्या जहाजावर फक्त चपात्या करपल्या की होतो.” तानाबाई आधी हसल्या, मग हमसून हमसून रडल्या.

तानाबाईंचा तो ‘कशाला गं’ मात्र चैतालीच्या मनातून जाईना. तिने मला कापडात गुंडाळून कपाटावर ठेवले. महिने गेले. वर पाल फिरायची, खाली घर चालू असायचे. तिने सिम्युलेटर उघडला नाही. मला वाईट वाटे, पण खचले मी नाही. ज्या हाताने मला वाकडीची सरळ केले, तो हात काम अर्धवट टाकणारा नव्हे, हे मला ठाऊक होते.

सुट्टीवर आलेला जोतीराम एके दिवशी भेटायला आला. “जय भीम, ताई. तुमचा तो चित्रपट बघायचाय,” तो म्हणाला. चैताली नको नको म्हणत होती, पण त्याने पूर्ण पाहिला. मग म्हणाला, “लई झकास उडवता. एक सांगू का? जहाज पेटलं की तुमचा कॅमेरा लगेच विमानामागं पळतोय. आमी मात्र तिथंच असतो की. आग लागली की आमी ती विझवतो.”

तो गेल्यावर चैतालीने कपाटावरून मला खाली काढले.

नवा चित्रपट करायला मोठा काळ गेला. त्यात मारा होतो, जहाज पेटते, आणि या वेळी कॅमेरा तिथेच थांबतो. धूर काळ्याचा राखाडी होतो, राखाडीचा विरळ होतो. गल्लीतल्या माणसांच्या आवाजात हाका ऐकू येतात, “पाणी आण!”, “मागं सर!” शेवटी जहाज एका अंगाला कललेले, पण आपल्या बळावर चालत राहते. आणि प्रत्येक दृश्याच्या मध्यावर, कापून काढता येणार नाही अशा जागी, शब्द आहेत: ‘हे बनवलेले आहे.’

“मजा जाती अशानं,” यशपाल कुरकुरला.

“जाऊ दे थोडी,” चैताली म्हणाली.

मजा गेली नाही. पहिल्या दिवशी गल्लीतल्या लोकांनी भिंतीवर ताणलेल्या चादरीवर तो पाहिला. मधोमध शब्द असूनही जहाज पेटले तेव्हा सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या घट्ट धरल्या. आग विझली तेव्हा पहिली टाळी तानाबाईंची होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राची काळजी घेणे सोपे आहे. आपटू नका, धूळ पुसा, स्प्रिंग गेली तर बदला. माझ्याकडून होणाऱ्या कामाची काळजी घेणे मात्र अवघड आहे. जे बनवाल ते मन लावून, अगदी खऱ्यासारखे बनवा, आणि बनवले आहे हे सांगायला लाजू नका. आणि हातातल्या फोनवर एखादे जळते जहाज आले, तर ते पुढे पाठवण्याआधी क्षणभर बोट थांबवा. कुणाची तरी आई ते बघून अनवाणी धावणार असते.