एकाच नावाची दोन दालनं

१९९८ च्या ऑगस्टमध्ये मॉन्टेव्हिडिओतल्या दोन इस्पितळांच्या मूत्रपिंडासाठी थांबलेल्या रुग्णांच्या रांगा एका सर्व्हरवर आल्या. एक टेकडीवरचं, एक बंदराजवळचं; दोघांचं जन्मात पटलं नव्हतं. दोघांनाही आपल्या तक्त्याचं नाव ‘एस्पेरा’च हवं होतं, म्हणजे ‘प्रतीक्षा’. कुणी माघार घेईना. शेवटी संगणकाचं काम पाहणाऱ्या निदिया एचेव्हेरीने डेटाबेस एकच ठेवून आत दोन दालनं केली, एका घरात दोन चुली मांडाव्यात तशी. दालनाचं नाव न घेता ‘एस्पेरा’ मागितलं, की सर्व्हर पहिल्या दालनातला, टेकडीवाल्यांचा तक्ता उचलून आणी आणि तिथेच थांबे. म्हणून दालनाचं नाव लिहायला विसरू नका, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं.

पुढे एका गुरुवारी दुपारी मूत्रपिंड मिळालं. डॉक्टर वॉशिंग्टन ऑलिव्हेरांनी पडद्यावर रांग मागवली आणि ओरडलेच, “निदिया! अगं, पहिला तुझा विल्मार!”

धाकटा भाऊ. चार वर्षं डायलिसिसवर. निदियाने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. उठली, बसली. काहीतरी टोचत होतं. पडद्यावर सगळे टेकडीवरचेच कसे?

“डॉक्टर, दालनाचं नाव घातलंत?”

“घाईत राहिलं असेल. तू फोन कर बाई!”

तिने दोन्ही दालनं मिळून पुन्हा विचारलं. विल्मार दुसरा झाला. वर आली एल्बिया सोसा, ताकुआरेम्बोची शाळामास्तरीण; रक्तगट तोच, वाट पाहणं जास्त.

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “मी पाहिलंच नाही, असं समज.”

“मग तिला फोन तुम्हीच लावा. नंबर सांगते, घ्या.”

रात्री जेवताना तिने विल्मारला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मास्तरीणच सापडली होय गं तुला? शाळेतही मला मास्तरणींनीच मागच्या बाकावर ढकललं!” तो हसत राहिला. त्याची बायको माबेल ताट घेऊन आत गेली.

पुढच्याच आठवड्यात निदियाने दोन तक्ते मोडून एक केला आणि इस्पितळासाठी त्यात वेगळा रकाना घातला. दोन्हीकडून बोंब झाली; तिने ऐकलं नाही.

एल्बिया पुढे वीस वर्षं शिकवत होती. तिला यातलं काही कळलं नाही. डॉक्टर साल्तोला संत्र्यांच्या बागेत जाऊन राहिले. विल्मार २००० च्या हिवाळ्यात गेला, रांगेतच. निदिया आता माबेलबरोबर राहते. मिठावरून, टीव्हीवरून, खिडकी उघडण्यावरून दोघी कडाकडा भांडतात. त्या गुरुवारावरून मात्र अजून एकदाही नाही.