थोडंसं अवघडल्यासारखं

डेरिकने छातीवरचा हात खाली घेतला, शर्टाचं सगळ्यात वरचं बटण लावलं आणि आरोग्य केंद्राच्या दारात बाजूला होऊन मागून येणाऱ्या बाईला आधी आत जाऊ दिलं.

"अरे, तू जा ना आधी," बेरिल म्हणाली.

"तिच्या हातात पिशव्या आहेत."

त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. पण ऑगस्टमध्ये स्पेनच्या त्या किनाऱ्यावर घाम कुणाच्या कपाळावर नसतो? बेरिल स्वतःची अशीच समजूत घालत इथवर आली होती.

सव्वानऊला त्याने वर्तमानपत्र मिटलं आणि छाती चोळली, तेव्हा तिने सगळ्यात आधी चहाची किटली ठेवली होती. बॉयलर फुटो, नाहीतर सख्खी बहीण वारल्याचा फोन येवो, हॉब्ज नवरा-बायकोच्या घरात आधी किटली. चहाच्या पुड्या ती वर्षातून दोनदा इंग्लंडातल्या लीड्सहून आणायची, त्यासाठी बॅगेतले कपडे कमी करायची. डेरिकने चहा अर्धाच प्यायला, कप मात्र विसळून पालथा घातला. मग म्हणाला, डॉक्टरकडे जायचं तर या शर्टात कसं जायचं? मग शर्ट बदलला. मग सँडलमध्ये घालायचे मोजे सापडेनात. इथे पोचेतो साडेदहा वाजून गेले होते.

काउंटरवरच्या मुलीने मान वर केली. "काय होतंय?"

"तिला सांग, थोडंसं अवघडल्यासारखं होतंय," डेरिक इंग्रजीत बेरिलला म्हणाला. "काल रात्रीचं सॉसेज बाधलं असेल. उगाच गवगवा नको."

चौदा वर्षं या गावात काढून डेरिक स्पॅनिशमध्ये 'आभारी आहे' यापुढे गेला नव्हता. हॉटेलात तो सरळ इंग्रजीच बोलायचा, फक्त जरा हळू आणि मोठ्याने, समोरचा बहिरा असल्यासारखं. बाकीचं सगळं बेरिलकडे. दर मंगळवारी वर्गाला जाऊन चार वर्षांत तिने ती भाषा घोटून घोटून पक्की केली होती. प्लंबरशी भांडायचं तिने, वीजकंपनीला फोन करायचा तिने, शेजारची म्हातारी गेली तेव्हा तिच्या मुलांचं सांत्वनही तिनेच केलं होतं. तिला आपल्या या स्पॅनिशचा अभिमान होता, आणि तो काही थोडाथोडका नव्हता.

"ॲसिडिटी झालीय," ती मुलीला म्हणाली. "थोडीशी."

छातीचं तिने नावच काढलं नाही. मुलीने काहीतरी लिहून घेतलं आणि बाकांकडे बोट दाखवलं.

त्या गावात रांग उभी राहत नाही. आलेला माणूस दारातूनच विचारतो, शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं. तो चेहरा लक्षात ठेवायचा आणि कुठेही बसून खुशाल गप्पा हाणायच्या. बेरिलला हे कधीच पाठ झालं होतं. पण डेरिकच्या लेखी ही रांगच नव्हती. रांग म्हणजे एकामागे एक, ताठ, मध्ये हातभर अंतर ठेवून. तो सरळ डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी गेला आणि भिंतीला लागून उभा राहिला. बेरिल त्याच्यामागे उभी राहिली. अख्ख्या दालनात त्या दोघांचीच काय ती रांग होती, आणि बाकांवर बसलेल्यांच्या हिशेबात ती दोघं नव्हतीच.

शेवटचं कोण, हे तिला विचारता आलं असतं. चार शब्द तर होते. पण त्याच्यादेखत विचारायचं म्हणजे चारचौघांत त्याला खोटं पाडायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

आमपारो नावाची ठेंगणी, तरतरीत नर्स हातात कागद घेऊन आली. "ॲसिडिटीवाले तुम्हीच ना? दहापैकी किती दुखतंय?"

बेरिलने इंग्रजीत विचारलं.

"दोन," डेरिक म्हणाला. "फारच खोदून विचारलं तर अडीच."

बेरिलला हसू आलं आणि हसता हसताच ते मावळलं. लीड्सच्या घरी शिडीवरून पडून त्याच्या नडगीचं हाड मोडलं होतं, तेव्हा हाच माणूस रुग्णवाहिकेवाल्याला 'तीन' म्हणाला होता. वर बूट चिखलाचे आहेत म्हणून त्याची माफी मागितली होती.

"दोन," ती नर्सला म्हणाली.

"मग बसा की, आजोबा. उभे का?"

डेरिकने हसून मान हलवली, पण तो उभाच राहिला. तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली आणि आमपारो पळाली.

पंखा गरगरत होता. समोरच्या बाकावर दोघी बायका कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाला नावं ठेवत होत्या. डेरिक भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होता. तक्ता स्पॅनिशमध्ये होता, पण दुसरीकडे कुठे बघणार? बेरिल त्याच्या मानेकडे बघत राहिली. कॉलर भिजून काळपट झाली होती आणि त्यावरची कातडी पांढरीफटक दिसत होती.

दार उघडलं. एक म्हातारा बाहेर आला. पाचच मिनिटांपूर्वी आलेला, काखेत हेल्मेट धरलेला एक तरुण उठला, डेरिकला खांदा घासून पुढे गेला आणि आत शिरला.

बेरिल वाट बघू लागली.

कारण आता डेरिक 'च्च्' करणार होता. कुणी रांग मोडली की तो समोरच्याला नेमकं ऐकू जाईल इतपत मोठ्याने 'च्च्' करायचा आणि मग छताकडे बघून म्हणायचा, "आम्ही इथे हवा खायला उभे आहोत, नाही का?" मासळीच्या दुकानात, बँकेत, एकदा तर त्या शेजारच्या म्हातारीच्या शवपेटीवर फूल ठेवतानासुद्धा. लाजेने बेरिलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. चौदा वर्षांत एकही घुसखोर त्याने सोडला नव्हता.

डेरिकने ब्र काढला नाही. तो अर्धं पाऊल मागे सरला आणि त्याने भिंतीवर तळवा टेकवला.

"डेरिक," ती हलकेच म्हणाली, "तो मध्येच घुसला."

"असू दे," डेरिक म्हणाला. "घाई असेल बिचाऱ्याला."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाला रांगेच्या बाबतीत 'असू दे' म्हणताना कधी ऐकलं नव्हतं.

तिने दार वाजवलं नाही. ढकललंच. तो तरुण शर्ट वर करून टेबलावर आडवा होता, डॉक्टरबाई त्याच्या पोटाशी वाकलेल्या होत्या, आणि आमपारो कपाटातून काही काढत होती. तिघांनीही वळून पाहिलं.

"माफ करा," बेरिल म्हणाली. सवयच ती. मग तिने दाराची कड घट्ट धरली. "माझा नवरा मरतोय."

"अहो बाई, आत्ता तर दोन म्हणालात!" आमपारो म्हणाली.

"म्हणाले. तो म्हणाला म्हणून मी म्हणाले. आम्ही दोघंही खोटं बोललो." बेरिलचा आवाज चढला होता आणि बाहेरच्या बायकांच्या गप्पा थांबल्या होत्या. "नडगीचं हाड मोडलं तेव्हा तो तीन म्हणाला होता, समजलं? तीन! आणि त्याचं पोट नाही, छाती दुखतेय. सव्वानऊपासून. आणि मी त्याला चहा देत बसले, चहा!"

डॉक्टरबाई तिला बाजूला सारून बाहेर आल्या. डेरिक भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली बसत होता. तरुण टेबलावरून उठून धावला आणि त्याने त्याला काखेतून धरलं. डॉक्टरबाईंनी शर्टाचं ते वरचं बटण तोडूनच काढलं.

"इकडे बघा. किती दुखतंय? खरं सांगा."

इंग्रजीत सांगायला बेरिलने तोंड उघडलं.

"दहा," डेरिक म्हणाला.

स्पॅनिशमध्ये म्हणाला. डोळे मिटूनच पुढे बोलत राहिला, अडखळला तो फक्त श्वासापुरता. "दहा. डावा हात बधिर झालाय. पहाटेपासून थोडं थोडं होतंच." त्याचे उच्चार पुस्तकी नव्हते. बंदरावरचे कोळी बोलतात तसे शेवटचे स्वर गिळलेले, मोकळे, अगदी त्या गावचे होते.

मग सगळीच धावपळ उडाली. त्याला उचलून आत नेलं, जिभेखाली गोळी दिली, छातीवर वायरी चिकटवल्या. मशीनमधून निघालेली कागदाची पट्टी बघून डॉक्टरबाईंनी नुसता हात वर केला आणि काउंटरवरच्या मुलीने रुग्णवाहिकेला फोन लावला. वय किती? कशाची ॲलर्जी? रोजच्या गोळ्या कुठल्या? विचारणारे त्यालाच विचारत होते आणि तो उत्तरं देत होता. बेरिल छातीशी पर्स धरून कोपऱ्यात उभी होती. इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि त्या भीतीतच कुठेतरी तिला चक्क राग येत होता.

स्ट्रेचर बाहेर निघालं तेव्हा तिने त्याचा दांडा पकडला. "तुला येतं?" ती इंग्रजीत म्हणाली. "कधीपासून?"

डेरिकने तोंडावरचा मास्क बोटभर उचलला. "येतंय कधीपासूनच. तू वर्गाला गेलीस की मी पेपेच्या बारमध्ये असायचो."

"मग बोलला का नाहीस, मेल्या? चौदा वर्षं?"

"तू इतकी छान बोलायचीस, बेरिल." त्याला दम लागला. "बोलून घरी यायचीस तेव्हा कशी दिसायचीस, तुला माहीत नाही."

तिने मास्क त्याच्या तोंडावर परत दाबून बसवला. "गप्प राहा," ती म्हणाली आणि भर दालनात, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडायला लागली. कुणी तिला गप्प केलं नाही. बाकावरच्या दोघींपैकी एक उठली आणि तिच्या दंडाला धरून दारापर्यंत चालत आली.

रुग्णवाहिकेचं मागचं दार लागलं. चालक पुढून वळसा घालून आला. "मोठ्या इस्पितळात नेतोय. सोबत एकालाच घेता येईल," तो बेरिलला म्हणाला. "या परदेशी लोकांचं बोलणं काही कळत नाही. दुभाषी तुम्हीच ना?"

"नाही," बेरिल म्हणाली. "त्याचं तो बोलतो. मी बायको आहे."

आणि ती पुढच्या सीटवर चढून बसली.