जीप भरेपर्यंत

कशेळ्याजवळच्या एका महाविद्यालयात कोणते वर्ग चालू ठेवायचे, हे ठरवण्यासाठी मला बोलावले होते. मी निवृत्त शिक्षक. गणितात कच्च्या असलेल्या मुलांसाठी तिथे दुपारी जादा वर्ग असे, पण तो रिकामाच राही.

“बंदच करू, गुरुजी. मुलांना गरज वाटत नाही,” प्राचार्य म्हणाले.

मुलांना विचारावे म्हणून मी जीपच्या नाक्यावर गेलो. उभ्या जीपमध्ये हर्षला आणि सुरभी वही मांडीवर घेऊन एकाच गणितावर भांडत होत्या.

“वर्ग सोडून इथे कशाला गं बसलात?”

“ही भरली की सुटते, गुरुजी. मग वाडीला दुसरी गाडी नाय,” सुरभी म्हणाली.

“आणि भरायला तासभर लागतो,” ड्रायव्हर सखा म्हणाला.

हर्षला वहीतून वर न बघता बोलली, “मी मागच्या वर्षी गणितातच राहिले. यंदा राहिले तर घरचे कॉलेज सोडवणार हायत.”

मी आत चढून तिच्या शेजारी बसलो.

“गुरुजी, माझी एक शीट गेली ना!”

“गिऱ्हाईक आलं की उठव रे मला.”

दोन गणिते सुटली, तिसरे अर्धे झाले, आणि सखाने मला उठवले.

परत येऊन मी प्राचार्यांना म्हणालो, “वर्ग चालू ठेवा. फक्त नाक्यावर घ्या.”

ते हसले. मी हसलो नाही.

आता तिथे गणिताच्या इंदूबाई बसतात. शेवटचे गिऱ्हाईक आले की सखा त्यांना उतरवतो. हर्षला मात्र खिडकीतून अजून एक शंका विचारतेच.