पातेल्याचं झाकण

"बसा ना," मुख्याध्यापिकाबाई इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या, की लिफ्टवाल्याला उगीचच आपण आजारी असल्यासारखं वाटलं.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मुलीच्या निबंधाबद्दल बोलायचंय, असा निरोप आल्यावर बाप बक्षिसाशिवाय दुसरा कसला विचार करणार? त्यासाठी त्याने लिफ्ट दुरुस्तीची दोन कामं पुढे ढकलली होती. त्यातलं एक सात मजली इमारतीतलं होतं आणि तिथले लोक आत्ता जिने चढता चढता त्याच्या नावाने बोटं मोडत असणार होते.

टेबलावर मोठं खोकं होतं. शेजारी मुलीची वही.

"तुम्हीच वाचा," वर्गशिक्षिका म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

विषय होता 'आमचं घर'. तिसरीच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आमच्या घरी एक पॅन आहे. बाबा त्यात सगळं एकदम शिजवतात. आम्ही तिघं त्यातच जेवतो. ताटं नसतात. माझा भाग खिडकीकडचा. आईचा भाग दांड्याकडचा. आई दमली असली की उभ्यानेच खाते. बाबा शेवटी पॅन खरवडून खातात. मला आमचं घर फार आवडतं.'

एकही वाक्य खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

लिफ्टवाल्याच्या घरी ताटं होती. चोवीस होती. लग्नात आलेली, काचेच्या कपाटात एकावर एक रचलेली, वरच्या ताटात धूळ वाढलेली. तो स्वतः दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यांत उतरायचा, बायको हॉस्पिटलच्या वॉर्डातून साडेसातला परतायची, आणि मग मोरीतली भांडी कुणी घासायची यावर दोघं पहिली काही वर्षं मन लावून भांडली. एका संध्याकाळी त्याला तोडगा सापडला. एक पॅन. तांदूळ, बटाटा, मटार, वर फोडलेली तीन अंडी, झाकण, वीस मिनिटं. मग तीन चमचे घेऊन भोवती बसायचं. भांडण मिटलं ते मिटलंच.

सिगारेट सोडलेल्या माणसाला असतो तसा त्याला या शोधाचा अभिमान होता. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांनी घाबरू नये म्हणून तो दाराच्या फटीतून त्यांना कृती सांगायचा. "मटार शेवटी टाकायचे, बरं का. नाहीतर लगदा होतो." एक बाई तर सुटका झाल्यावर घरी न जाता मीठ किती ते विचारत थांबली होती.

"हे शाळेतल्या सगळ्यांकडून," मुख्याध्यापिकाबाईंनी खोकं उघडलं. सहा ताटं, सहा वाट्या, एक डाव आणि सगळ्यांच्या वर एक जाड बुडाचं पातेलं. "कुणी काय दिलं ते सांगायचं नाही, असं ठरलंय आमचं. तुम्ही संकोच करू नका. अडचण कुणाला येत नाही?"

आता बोलायला हवं होतं. 'बाई, ताटं आहेत.' पण मग पुढचा प्रश्न येणार, पोर पॅनमधून का जेवते? त्याचं उत्तर होतं, 'घासायचा कंटाळा येतो.' त्याने ते वाक्य तोंडातल्या तोंडात उलटंसुलटं करून पाहिलं. कुठल्याच बाजूने ते बरं दिसेना. गरिबीपुढे लोक मान खाली घालतात. आळसापुढे कोण घालणार? दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली शेकडो माणसं त्याने आजवर बाहेर काढली होती. आज तोच अडकला होता आणि बाहेर किल्ली घेऊन कुणी उभं नव्हतं.

"आभारी आहे," तो म्हणाला. लाजेने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी त्याचा भलताच अर्थ लावून पाण्याचा ग्लास पुढे केला.

फाटकाशी शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी उभ्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"पातेलं सांभाळून न्या हं. माझ्याकडचं आहे. सांगायचं नाही म्हणाल्या बाई, पण वापरायचं कसं ते तरी सांगायला नको? मंद आचेवर ठेवा, भात कध्धी तळाला लागायचा नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि पोरीच्या आईला बसून जेवायला सांगा. उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही."

"घेऊन आलास?" घरी बायकोने विचारलं. "हातात धरून? भर रस्त्याने?"

"बसने."

"वर आणखी बसने!"

"मग काय सांगायचं होतं? आम्हाला भांडी घासायचा कंटाळा येतो?"

"आम्हाला म्हणू नकोस. कंटाळा तुला येतो. मी दमते."

खोकं कपाटावर गेलं. त्या संध्याकाळी लिफ्टवाल्याने तीन वेगवेगळ्या भांड्यांत तीन वेगवेगळे पदार्थ केले आणि काचेच्या कपाटातली ताटं काढली. मुलगी ताट गोल गोल फिरवत राहिली.

"बाबा, यात खिडकीकडची बाजू कुठली?"

मोरी भरून वाहत होती.

चार दिवसांनी जेवताना मुलगी म्हणाली, "मावशी आता डब्यात भात आणत नाहीत. नुसता पाव खातात. मी विचारलं, तर म्हणाल्या, पातेलं चांगल्या घरी दिलंय."

बायकोने घास खाली ठेवला. "उद्या नेऊन दे. आणि खरं सांग. चोवीस ताटांसकट."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शाळेत गेला. पातेलं हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या वर ठेवलं होतं. वाक्यं पाठ केली होती. मावशी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. पातेलं दिसताच त्या उठल्या आणि हातातला पाव त्यांनी पाठीमागे नेला.

"का हो? गळतं का?"

"नाही, नाही."

"मी पाणी भरून बघितलं होतं." त्यांचा चेहरा उतरला. "मग जुनं वाटलं असेल पोरीच्या आईला. वाटणारच. दोनदा घासलं मी, पण काठाखालचं काळं निघतच नाही मेलं."

पाच दिवस जी लाज तो छातीवर घेऊन फिरत होता, तीच आता मावशींच्या तोंडावर दिसत होती. खरं सांगितलं, तर त्यांचं देणं म्हणजे थट्टा ठरणार होती. चोवीस ताटं असलेल्या माणसांसाठी या बाईने पाच दिवस कोरडा पाव चावला होता. त्याने तोंड उघडलं. पाठ केलेलं एकही वाक्य बाहेर आलं नाही.

"झाकण," तो म्हणाला. "याचं झाकण आहे का, ते विचारायला आलो होतो."

"अगं बाई!" मावशींनी पाव धरलेलाच हात कपाळावर मारून घेतला. "झाकणच दिलं नाही की! वेंधळी ती वेंधळीच मी. आणि तुम्ही पातेलं घेऊन आलात मापाला?" त्या हसू लागल्या. "अहो, हक्काने मागायचं. उद्या पोरीबरोबर पाठवते."

तो पातेलं घेऊन परत आला. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"नवं पातेलं घेऊन देऊ त्यांना," ती शेवटी म्हणाली.

"कुठल्या तोंडाने? ज्यांच्याकडे साधं झाकण नाही, त्यांनी?"

तिने पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीने दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झाकण काढलं. लखलखीत घासलेलं. हाताला चटका बसू नये म्हणून वरच्या मुठीला नवी चिंधी गुंडाळून घट्ट शिवली होती. लिफ्टवाल्याने ते पातेल्यावर ठेवलं. बसलं. फट म्हणून राहिली नाही.

त्याने मंद आचेवर भात केला. बायको बसून जेवली. सगळ्यांचं झाल्यावर त्याने सवयीने पातेलं पुढे ओढलं आणि खरवडायला चमचा घातला.

तळाला काही लागलेलं नव्हतं.