पटावर फुलवंता

एकोणीसशे सदतीस सालच्या हिवाळ्यात सातपुड्यातल्या काठी गावची कालीबाई आपल्या नऊ वर्षांच्या पोरीला, फुलवंताला घेऊन डोंगर उतरली. पोरीची दाढ किडली होती. गाल इतका सुजला होता, की डावा डोळा अर्धा मिटला होता. चार दिवस तिच्या पोटात पेजेशिवाय काही गेलं नव्हतं. अक्कलकुव्याला पोरांचे दात फुकट बघणारा डॉक्टर आलाय, असं बाजारकरी सांगत होते. थोडं चालवत, थोडं पाठीवर घेत कालीबाई दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली.

शाळेपुढे ताडपत्रीची बैलगाडी उभी होती. तोच दवाखाना. आत एक खुर्ची, दात कोरायचं पायाने चालणारं यंत्र आणि हत्यारं उकळायचा स्टोव्ह. डॉक्टर पितांबर तापीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईला शिकलेला. तो सामान आवरत होता. गाडीवान बैल जुंपत होता.

हेडमास्तर सुकलाल गुरुजी आडवे आले. "दवाखाना शाळेच्या पोरांसाठी आहे. पटावर नाव असेल त्यालाच."

कालीबाईला बाजारापुरती अहिराणी येत होती. "पट म्हंजे काय?"

"शाळेतल्या पोरांची नावं लिहिलेली वही."

"मंग लिख. फुलवंता."

गुरुजी हसले. डोंगरातल्या बाईने एकेरीत बोलावं, याचा त्यांना रागही आला. "ही पोर शाळेत येणार? जा, काही पाला लाव घरी."

कालीबाईने पोरीला चाकाला टेकवून बसवलं आणि स्वतः बैलांच्या पुढ्यात मांडी घातली. "मी जावाव नही."

गाडीवानाने बैल पुढे रेटून पाहिले. तिने बैलाच्या नाकाडावर हात ठेवला. बैल तिथेच थांबला. माणसं जमू लागली.

डॉक्टर खाली उतरला. त्याने फुलवंताचा गाल बोटाने चाचपला आणि त्याचा चेहरा बदलला. "गुरुजी, दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचा नियम मला मोडता येत नाही. पण नाव लिहिणं तुमच्या हातात आहे. पू खाली उतरला तर ही पोर वाचणार नाही. तुम्ही पट आणा, मी पाणी उकळतो."

चारचौघांत गुरुजींना नाही म्हणवेना. त्यांनी पट आणला, कानावरची पेन्सिल काढली.

"बापाचं नाव?"

"आमशा."

"काय करतो?"

"मरी गया."

हिरडीत सुई गेली तेव्हा फुलवंता हूं की चूं करेना. पकड हलली तशी मात्र तिने डॉक्टरच्या पोटात सणसणीत लाथ घातली. तरी त्याने दाढ सोडली नाही. पू आणि रक्त भांड्यात पडलं. घटकाभराने पोरीने पाणी मागितलं, तेव्हा कालीबाईने तिला ओंजळीने पाजलं.

गुरुजींनी पट उघडला आणि खोडरबर काढलं.

कालीबाईने पानावर पंजा ठेवला. "खोडू नको."

"अगं, झालं ना तुझं काम?"

"आमनं वावर कागदवरथून खोडं, तवय आमले कोणी इचारं नही. जंगल सरकारनं शे म्हने. आते हाई नाव मी खोडू देवाव नही. शाईघाई लिख."

"नाव राहिलं तर पोर रोज यायला हवी. नाहीतर नाव कापीन."

"ती येई."

बोलून गेल्यावर तिलाच कळलं, आपण काय कबूल केलं ते. फुलवंता एक रात्रही तिच्यावेगळी राहिली नव्हती. पण तिने पंजा उचलला नाही. शेवटी गुरुजींनी दौत मागवली आणि तिच्या बोटांमधून जागा काढत पेन्सिलीची अक्षरं शाईने गिरवली.

कालीबाईची बहीण जमनाबाई अक्कलकुव्यातच लाकूडफाटा विकून राहायची. पोर तिच्याकडे ठेवायचं ठरलं.

सोमवारी कालीबाई शाळेच्या दाराशी उभी राहिली. आत फुलवंता शेवटच्या रांगेत, गोणपाटावर, एकटीच बसली होती. गुरुजींनी सगळ्यांची नावं घेतली आणि शेवटी म्हणाले, "फुलवंता आमशा."

काय उत्तर द्यायचं, तिला ठाऊक नव्हतं. पोरं खिदळली. ती उठून उभी राहिली. गुरुजींनी "बस" म्हटलं तरी बसेना. त्यांनी तिच्या नावापुढे खूण केली, ती तिने मान लांब करून पाहिली, आणि मगच बसली.

कालीबाईने पदर खोचला आणि डोंगराची वाट धरली.